मीटर-बाटलीचा संसार

आंबट किती आणि तुरट किती हे जिभेवर सोडलं, तर जगात एकमत होणार नाही. म्हणून शास्त्राने पीएच मीटर निर्माण केला. (प्रयोगशाळेत काहीही चाखून पाहण्यास मनाई आहे. मनाई मोडणारे पूर्वी थोडे होते. आता त्याहूनही थोडे उरलेत.) सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. एक पायरी उतरलं की आम्लता दहापट.

आमच्या प्रयोगशाळेतला मीटर चुकूच शकत नाही, अशी व्यवस्था आहे. दर सोमवारी त्याला सातच्या बफरमध्ये बुडवून सात दाखवायला लावतात. बफर म्हणजे थोडं आम्ल पडो, थोडी अल्कली पडो, आपला पीएच न सोडणारं द्रावण. घरातल्या थोरल्या सुनेसारखं सगळं पोटात घालणारं. बाटली सरत आली की नवा बफर इथेच बनतो, आणि तो सातच आहे ना, हे त्याच मीटरवर पाहतात. म्हणजे मीटरची ग्वाही बाटली देते, बाटलीची मीटर. दोघांत मतभेद झाल्याची नोंद नाही (सलोखा शंभर टक्के). माणसांत असा संसार दिसत नाही. विकतची सीलबंद बाटली शेवटची कधी आणली, हे सांगू शकणारे गृहस्थ निवृत्त झाले.

घोळ झाला तो धाकटीच्या विकरामुळे. धाकटी ही विभागातली सर्वांत लहान संशोधक. विकर म्हणजे पेशीतली कामं उरकणारं प्रथिन, स्वभावानं हळवं. त्याला ७.४ पीएच लागतो. धाकटी मीटरवर ७.४ करून द्यायची आणि विकर मान टाकायचं. शिष्यवृत्ती संपत आलेली. विकर चाललं नाही तर पदवी नाही, गाशा गुंडाळून घरी.

"सर, मीटर चुकतोय," ती विभागप्रमुखांना म्हणाली.

"मग बाटली गप्प बसली असती का गं?"

"बाटलीही चुकतेय."

"दोघंही चुकतात, आणि तू तेवढी बरोबर!" सर हसले. "विकराशी जरा प्रेमानं वाग."

तिनं पदरमोड करून सातची सीलबंद बाटली आणली. मीटरने ७.८ दाखवले. समिती बसली. ठरलं असं: बाटली परकी आहे, तिला इथल्या कुणी तपासलेलं नाही, प्रवासात तिची तब्येत बिघडली असावी, तरी तिला सुधारण्याची संधी द्यावी. मग तिच्यात थेंबथेंब आम्ल घातलं. पण तीही बफरच, ढिम्म हलेना. समितीने 'हट्टी' असा शेरा मारून पेलाभर आम्ल ओतलं, आणि मीटर सातवर येताच टाळ्या वाजवल्या.

धाकटीने मीटरचा ०.८ चा फरक हिशेबात धरला. मीटरवर ८.२ करून विकर सोडलं. माहेरी आलेल्या लेकीसारखं ते बोलकं झालं.

सर हरखले. "८.२ वर चालणारं विकर! नवा शोध! तसं लिही, उद्या सही करतो."

"सर, ते ७.४ च आहे. बाहेर कुणी ८.२ वर केलं तर चालणार नाही."

"बाहेरचं बाहेरचे बघतील. पदवी हवी ना, बाळा?"

हवी होती. फार हवी होती. तिनं ७.४ लिहिलं. सरांनी सही केली नाही.

बर्फाच्या डब्यात विकर घेऊन, लेकरू कडेवर घ्यावं तशी ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे ते ७.४ वर पहिल्या झटक्यात चाललं. तिथल्या प्रमुख बाईंनी तिला पदरात घेतलं. पदवी उशिरा, पण मिळाली. आमच्या समितीने एकमताने नोंद केली, की त्या प्रयोगशाळेचा मीटरही बिघडलेला असल्याचं यावरून सिद्ध होतं.

आपण हसलात, बरं वाटलं. शांत, समंजस माणसालाच असं हसू येतं. आपण शांत आहात ना? खात्री करायची तर घरच्यांना विचारा. "हो, हो," म्हणतील सगळे; एका सुरात, जराशा घाईने, आपल्या कपाळावरच्या आठीकडे बघत.