सहाची पुणे

आमच्या भिंतीपलीकडे एक बसस्टँड होतं. रोज दुपारी चार वाजता ते सुरू व्हायचं. "औंढा लागली. औंढा सुटली. वसमत येऊन राहिली, मधी कोणी उतरू नये." मग एक शिट्टी. मग टेबलावर धप्पकन हात आपटल्याचा आवाज आणि एक शिवी, जी मी पेशानं मास्तर असल्यामुळे इथे लिहीत नाही.

हे स्टँड म्हणजे आमचे शेजारी राठोड. हिंगोली डेपोत कंट्रोलर. सकाळच्या पाळीत खऱ्या गाड्या सोडायचे आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरमधल्या.

तो कॉम्प्युटर त्या काळीही म्हातारा होता. एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा राठोडांनी तो मुलीसाठी, रेखासाठी, उचलून आणला होता. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं नि हिरवीच चित्रं. त्यात एक खेळ होता. बोटभर उंचीचा टोपीवाला माणूस, खाली आग, वर सरकत्या फळ्या. एका फळीवरून दुसरीवर उड्या मारत शेवटच्या दारापर्यंत पोचायचं. तीन जीव. तिन्ही गेले की पुन्हा श्रीगणेशा. आज इथपर्यंत, उद्या पुढचं, अशी सोय नाही. वीज गेली तरी तेच, आणि त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंगच्या मधून सव्वा तासाची फट मिळायची. रेखा घरात होती तोवर राठोड तिच्यावर ओरडायचे, काय माकडासारख्या उड्या मारून राहिली म्हणून. ती नोकरीला पुण्याला गेली आणि हेच गृहस्थ तिच्या जागी उभे राहिले.

उभे म्हणजे खरोखर उभे. बसून गाडी सोडणारा कंट्रोलर त्यांना मान्य नव्हता. गळ्यात शिट्टी, डोळा मनगटावरच्या घड्याळावर, एक पाय सारखा हलता. फळीला ते फळी म्हणत नसत. वर-खाली होणारी ती औंढा, तिरकी येणारी वसमत, आणि पाय ठेवताच कोसळणारी सेनगाव. त्या नावावर त्यांचा काही जुना राग असावा. कोणती किती सेकंदांनी लागते नि किती सेकंदांनी सुटते, याचं वेळापत्रक त्यांनी एका जुन्या रजिस्टरात आखलं होतं. टोपीवाला आगीत पडला की म्हणायचे, "प्रवासी गेला."

"गाडी कोणासाठी थांबत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. गल्लीतल्या एका लग्नात नवरीचा मामा यायचा होता म्हणून सगळे हातात अक्षता धरून ताटकळले होते. राठोडांनी घड्याळ पाहिलं आणि सरळ शिट्टी मारली. बँडवाले दचकून वाजवायला लागले, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि मामा चपला हातात घेऊन धावत आला. राठोडांना त्याचं काही वाटलं नाही. सव्वीस वर्षांत एक गाडी मिनिटभर थांबवली नाही, हे ते न विचारता सांगायचे.

एकदा पेपर तपासताना त्या शिट्टीनं माझं डोकं उठलं. भांडायचं ठरवूनच मी पलीकडे गेलो, आणि बघत उभा राहिलो. राठोड शेवटच्या पडद्यावर पोचले होते. डावीकडून एक लांब फळी येत होती, कडेला टेकत होती, उजवीकडे पडद्याबाहेर जात होती आणि परत येत होती. तिच्यावर बसलं की पुढे दार. टोपीवाला कडेला उभा. फळी आली, गेली. पुन्हा आली, गेली. भांडायला आलेला मी, माझेच हात शिवशिवायला लागले. मारा ना उडी, मी म्हणालो.

"हिचं टायमिंग पक्कं न्हाई, मास्तर."

मी गणित शिकवतो. मोजलं. अकरा सेकंद. दर वेळी अकराच. तसं सांगितलं, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेलेली परत येते का, ते पाहून राहिलो." तेवढ्यात वीज गेली. त्यांनी शिवी दिली नाही. उलट त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. ही कोणती गाडी, मी विचारलं.

"सहाची पुणे," ते म्हणाले.

गल्लीत फोन आमच्याचकडे होता. दर रविवारी पाचला रेखाचा फोन यायचा आणि राठोडवहिनी येऊन बोलायच्या. राठोड कधी आत येत नसत. अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि वहिनी बाहेर आल्या की घड्याळ बघून एवढंच म्हणायचे, "सात मिनिटं." त्या रविवारी वहिनी जरा लवकर आल्या, तेव्हा मी त्यांना फळीचं सांगितलं. मग त्यांनीच सारं सांगितलं. रेखानं डी.एड. करून इथंच मास्तरीण व्हावं, असं राठोडांना वाटत होतं. त्यावरून आठ दिवस घरात अबोला होता. ती निघाली त्या सकाळी पाळी ह्यांचीच.

"पोरगी खिडकीतून पाहून राहिली होती, मास्तर. ह्यायनं रजिस्टरातून मान काढली न्हाई. म्या म्हणलं, एक मिनिट थांबवा, लेकराशी बोला. तर बराबर सहाला शिट्टी मारली."

मला फार वाईट वाटलं आणि त्या माणसाचा रागही आला. दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. फोन वाजला, वहिनींनी उचलला, आणि मी अंगणात गेलो. राठोडांना विचारलं, रेखानं तो खेळ कधी पुरा केला होता का? दोनदा, ते म्हणाले. मग तिलाच विचारा की, मी म्हणालो.

त्यांनी आणखी तीन येरझाऱ्या घातल्या. मग आत आले, वहिनींच्या हातून रिसीव्हर घेतला आणि डेपोतल्या माइकसारखा तोंडापुढे धरला.

"रेखा, ती शेवटची फळी. उडी कधी मारायची?"

साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून दिला. पलीकडून ती खूप वेळ बोलत होती. राठोड मधून मधून फक्त "बराबर" म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, "येळेवर जेवत जा." चोवीस मिनिटं झाली होती. हे मी पाहिलं, कारण ते घड्याळ बघायचं विसरले होते.

दुसऱ्या दिवशी चारला मी पेपर बाजूला सारून भिंतीला कान लावला. औंढा सुटली, वसमत सुटली, सेनगाव कशीबशी पार पडली. मग बराच वेळ काहीच नाही. शिट्टीही नाही. आणि मग तो आवाज, पण कधी नव्हे इतका हळू:

"प्रवाशांनी घाई करू नये. सहाची पुणे एक मिनिट उशिरानं सुटेल."