दुर्लक्षाचा दाखला

कोणत्याही रोगावर औषध निघायचे तर तो रोग आधी माणसांना व्हावा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो योग्य माणसांना व्हावा लागतो, हे मात्र अनुभवानेच कळते. टक्कल, ढेरी आणि झोप न येणे हे योग्य माणसांना होणारे विकार असल्यामुळे त्यांच्या औषधांनी दुकानांच्या फळ्या वाकलेल्या असतात. डास, माश्या, गोगलगायी आणि गढूळ पाणी यांच्यामार्फत होणारे रोग ज्यांना होतात, त्यांना दुकानापर्यंत चालवतही नाही. त्यांच्यासाठी आमची संस्था आहे.

संस्थेचे नाव दुर्लक्षित परजीवी रोग औषधशोध संस्था. (परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. काही लोक हा शब्द संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी वापरतात, पण त्यांचा अभ्यास कमी पडतो.) मी येथील दुर्लक्ष विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी, एक टेबल, एक पंखा आणि एक नोंदवही असे चौघे आहोत.

विभागाची गरज का पडली, ते सांगतो. औषध सापडले की ते माणसांवर तपासावे लागते आणि त्यासाठी देणगीदार लागतात. देणगीदारांची अट एकच आणि रास्त आहे : रोग खराखुरा दुर्लक्षित हवा. ज्याच्याकडे आधीच कोणाचे तरी लक्ष आहे, त्याच्याकडे आणखी लक्ष देणे ही उधळपट्टी. म्हणून असा नियम झाला की, ज्या रोगाविषयी सलग पाच वर्षे बाहेरच्या एकाही माणसाने चौकशी केलेली नाही, त्यालाच दुर्लक्षाचा दाखला मिळेल आणि दाखला मिळाला की माणसांवरची चाचणी सुरू होईल. मध्येच कोणी चौकशी केली, तर पाच वर्षे पुन्हा पहिल्यापासून. अशी प्रत्येक चौकशी तारीखवार लिहून ठेवायची, हे माझे काम.

मलेरिया हा आमच्या यादीतला थोरला, पण त्याची वागणूक धड नाही. वर्षानुवर्षे गुमान लाखो गरिबांना होतो आणि मग अचानक मोठ्या हॉटेलात उतरलेल्या एखाद्या पाहुण्याला होतो. लगेच बातम्या, लगेच फवारणी, लगेच साहेबलोकांची पाहणी, आणि आमच्या दाखल्यावर पाणी. याउलट वाळूमाशीचा ताप पाहा. चार-चार महिने ताप येतो, पाणथरी (प्लीहा) वाढून पोट फुगते, हातपाय काड्या होतात आणि उपचार झाला नाही तर माणूस जातो. पण ही माशी भेगाळलेल्या मातीच्या भिंतीत राहते आणि तिथेच जमिनीवर झोपणाऱ्याला चावते. पाहुण्याच्या वाटेला ती कधी गेलेली नाही. इतका शिस्तीचा रोग माझ्या नोकरीत मी दुसरा पाहिलेला नाही.

या तापावर आमच्या रसायनबाईंनी अकरा वर्षे काम केले. दोनशे अकरा संयुगे वाया गेली आणि दोनशे बारावे लागू पडले. उंदीर बरे होऊ लागले. आजपर्यंतची अधिकृत आकडेवारी अशी : बरे झालेले उंदीर तीन हजार एकशे बेचाळीस, बरी झालेली माणसे शून्य. (दोन्ही आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत असल्याने त्यांची तुलना करता येत नाही.)

माणसांची संख्या वाढवण्यासाठी दाखला हवा होता आणि तो अगदी टप्प्यात आला होता. चार वर्षे, दहा महिने आणि एकवीस दिवस या तापाविषयी जगात कोणीही चकार शब्द काढला नव्हता. फक्त एकोणचाळीस दिवस उरले होते. मी दाखल्याचा कागद काढून त्यावर समासही आखून ठेवला होता.

त्या दिवशी दुपारी उंदीरमामा माझ्या टेबलाशी आले. हे आमच्या उंदीरघराचे रखवालदार. सगळी संस्था त्यांना मामा म्हणते. खरेखुरे मामा ते एकाच मुलीचे होते. तिला वडील नव्हते, बहीण आणि भाची मामांकडेच राहायच्या.

"साहेब," मामा म्हणाले, "ते दोनशे बारा माणसांना कधी मिळायचं? भाचीला तोच ताप आहे. दोनदा इंजेक्शनांचा कोर्स झाला, उपयोग नाही. पोट बघवत नाही हो तिचं."

मी त्यांना हाताने थांबवत होतो, पण वाक्य पूर्ण झाले.

आता प्रश्न असा की, मामा संस्थेचेच, मग ते बाहेरचे कसे? संस्थेच्या समितीने यावर दोन बैठका घेतल्या आणि स्वच्छ निकाल दिला : उंदरांविषयी विचारतील तेव्हा ते कर्मचारी, भाचीविषयी विचारतील तेव्हा नातेवाईक. मी नोंद केली. अक्षर चांगले आले. पाच वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

रसायनबाई तणतणत आल्या. "कशाला लिहिलंत? कोण बघतंय तुमची ती वही?"

"कोणी बघत नाही, याचीच ती वही आहे," मी म्हणालो. यावर त्यांना बोलायला जागा उरली नाही, असे मला वाटले. त्या मात्र बराच वेळ बोलल्या.

मामांना मी समजावून सांगितले की, तुमच्या भाचीचे भले व्हावे असे वाटत असेल तर तिच्याविषयी विचारू नका. त्यांना ते पटले. ते रोज येऊन नुसते उभे राहू लागले. न बोलता उभे राहणे ही चौकशी धरावी का, यावर उपसमिती नेमण्यात आली. तिने चाळीस पानी अहवालात मत दिले की, पाठ करून उभे राहिल्यास हरकत नाही. मग मामा माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले. त्यांच्या शर्टाची शिवण खांद्यावर उसवलेली होती, एवढे मला त्या काळात पाठ झाले.

एक दिवस मामा भाचीलाच घेऊन आले, कारण बहीण कामावर गेल्याने घरी तिच्याजवळ बसायला कोणी नव्हते. मुलगी नऊ वर्षांची, दिसायला सहाची. ती बाकावर पोटावर हात ठेवून बसली आणि आधी पंख्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली.

"मामाचे उंदीर बरे होतात ना?" तिने विचारले.

"होतात."

"मग मला त्यांच्या रांगेत उभं करा. मी ढकलाढकली नाही करणार."

मी तिला समजेल अशा भाषेत सांगितले की, आमच्या उंदरांना जो आजार असतो तो संस्थेने रीतसर दिलेला असतो. तुझा आजार बाहेरून आलेला आहे. तिने मान डोलावली. मुलगी समजूतदार होती. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले, आणि हे मी इथे लिहितो आहे, कारण माझ्या नोंदवहीत असल्या गोष्टींना रकाना नाही.

दोनशे बाराच्या माणसांसाठीच्या गोळ्या बनवून तयार होत्या. त्या ज्या कपाटात आहेत, त्याला दोन किल्ल्या लागतात. एक रसायनबाईंकडे असते, दुसरी माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात बाई आल्या आणि त्यांनी आपली किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मामा पाठ करून उभे होतेच. मी बाईंना नियम वाचून दाखवला : माणसांवर न तपासलेली गोळी माणसाला देता येत नाही, दाखल्याशिवाय माणसांवर तपासता येत नाही आणि दाखला तर, मामांनी विचारले नसते तर, आतापर्यंत मिळालाही असता. मग ती किल्ली पाकिटात घालून, पाकिटाला लाख लावून, मी बाईंना तिची पोच दिली. माझी किल्ली माझ्या खिशात होती. ती चांगल्या पितळेची आहे आणि दिवसभरात तिचे वजन जाणवते.

मुलगी त्यानंतर तेवीस दिवसांनी गेली.

मामांनी तीन दिवस रजा घेतली. (नियमाप्रमाणे भाचीसाठी रजा नसते. मी ती स्वतःच्या अधिकारात किरकोळ रजा म्हणून मंजूर केली. माणुसकी म्हणून काही असतेच.) चौथ्या दिवशी ते कामावर आले आणि उंदरांचे पिंजरे धुतले. आता ते माझ्या टेबलाशी येत नाहीत. रसायनबाई वरच्या मजल्यावर केस दाट करणाऱ्या संयुगावर काम करतात आणि तिथे त्यांना चार मदतनीस मिळाले आहेत. वाळूमाशीच्या तापाविषयी गेल्या सात महिन्यांत एकही चौकशी झालेली नाही. दुर्लक्षाची प्रगती समाधानकारक आहे. तोवर उंदीर बरे होतच आहेत.

हा सर्व वृत्तांत छापावा की नाही, यावर संस्थेत बरीच चर्चा झाली. तो चार माणसे वाचणार, म्हणजे त्या तापाकडे चार माणसांचे लक्ष जाणार आणि सात महिने पाण्यात जाणार, अशी रास्त भीती होती. म्हणून हा मजकूर आधी दोनशे सुशिक्षित वाचकांना वाचायला दिला. वाचताना एकशे ब्याण्णव जणांनी हळहळ व्यक्त केली. त्यांतल्या अकरा जणांचे डोळे पाणावले. एका गृहस्थांनी तर "काहीतरी केलं पाहिजे," असे म्हटले आणि समितीच्या काळजाचा ठोका चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोनशेही जणांना घरी जाऊन विचारले की, मुलीला कोणता आजार होता? सव्वीस जणांनी मलेरिया सांगितला. बाकीच्यांनी विचारले, कोणती मुलगी? ते गृहस्थही त्यांतच होते.

त्यावरून समितीने एकमताने ठराव केला की, वाचकांच्या वाचण्याने दुर्लक्षात खंड पडत नाही. तेव्हा आपण संकोच मानू नये. आपण इथवर वाचलेत, याची नोंद मी केलेली नाही.