तरंगत्या घरात बंदी असलेला शब्द

तरंगत्या घराला दारं दोन होती. पुढच्या दारातून काठापर्यंत एक फळी टाकलेली. मागचं दार स्वयंपाकघरात, थेट तळ्यावर उघडणारं. मधल्या खोलीत एक सोफा, दोन पलंग आणि पुढच्या दाराशी एक बाक. माणसं पाच: आई, बाबा, ताई, धाकटी आणि ताईचा नवरा, म्हणजे या कुटुंबाचे चार महिन्यांचे जावई. याशिवाय एक अट.

अट ताईची होती. लग्नात फोटोसाठी बसताना कोणी तरी काका "थांबा, आधी सोफ्याला विचारा" असं बोलून गेले होते. तेव्हापासून जावयांनी सासरी पाऊल टाकलं नव्हतं. भाड्याच्या तरंगत्या घरातल्या या सहलीला ते कसेबसे तयार झाले होते.

"वजन हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला ना," ताईने निघण्याआधी बजावलं होतं, "तर तो परत यायचा नाही. आणि मग मीही नाही."

पहिल्याच दुपारी ओट्यावरचा बटाटा आपणहून घरंगळत मागच्या दाराकडे गेला. धाकटी नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन बसली होती. अशा बटाट्याकडे दुर्लक्ष करणं तिला जमणारं नव्हतं. ती पट्टी घेऊन दोन्ही उंबऱ्यांशी वाकून आली.

"बाबा, मागच्या उंबऱ्याखाली पाणी तीन सेंटिमीटरवर आहे. पुढे अकरा."

"मग?"

"सरळ असतं तर दोन्हीकडे सात हवेत. घर मागे कलतंय."

दोघांची नजर एकदमच सोफ्याकडे गेली. सोफा खोलीच्या मध्यापासून किंचित मागे होता. त्यावर जावई पेपर वाचत होते.

"हळू बोल!" बाबा कुजबुजले. मग घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, पुढे बाकावर या ना! काय सुरेख वारा सुटलाय!"

"इथंच बरं आहे, बाबा. तिकडे ऊन आहे."

जावई हलत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांनी हलायचं ठरवलं. बाबा बाकावर गेले. धाकटी गेली. तिने कानात सांगितल्यावर ताई गेली. भाजी अर्धी टाकून आईलाही ओढून आणलं. दोघांच्या बाकावर चौघं दाटीवाटीने बसली. धाकटीने पुन्हा पट्टी लावली. जेमतेम एका रेघेचा फरक.

जावयांनी पेपर खाली केला. "सगळे तिकडे का?"

"वारा!" तिघं एकदम म्हणाली.

"मला वाटलं, ऊन."

"उन्हातला वारा," बाबा म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

जावयांनी पेपरची घडी घातली. मग उठले. "मी चहा टाकतो सगळ्यांना."

"नको!" स्वयंपाकघर म्हणजे अगदी मागचा कोपरा. चौघांचाही आवाज चढला.

"आम्हाला चहा नकोच," दिवसातून पाच वेळा चहा पिणारे बाबा म्हणाले.

जावयांचा चेहरा उतरला. "मी बसलो की तुम्ही उठता. मी उठलो की ओरडता. माझं काही चुकलंय का?"

ताईने बाबांना कोपराने ढोसलं. जावई तडक स्वयंपाकघरात गेले. त्याच वेळी तळ्यातून एक मोटरबोट गेली. तिची लाट मागचा उंबरा ओलांडून आत आली आणि आईची चप्पल घेऊन परत गेली.

"परत फिरा!" बाबा ओरडले. "तिकडे वजन पडतंय!"

गॅसचा लायटर ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. जावई सगळ्यांच्या समोरून, कुणाकडेही न बघता, पुढच्या दारातून फळीवर गेले आणि काठावर जाऊन पाठ करून उभे राहिले.

"झालं समाधान?" ताई बाबांना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

धाकटी मात्र मागच्या उंबऱ्याशी वाकली होती. "साडेतीन," ती म्हणाली.

"आता कशाला मोजतेस, कार्टे!"

"बाबा, जिजू उतरले तरी साडेतीनच. म्हणजे कारण ते नव्हतेच. दुसरं काही तरी आहे."

लाटेने ओट्याखालचा पडदा भिजून चिकटला होता. तिने तो ओढला. मागे पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन भिंतीला टेकून उभे होते. आठ.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"बाहेरचं पाणी बाधतं," आई म्हणाली.

"पण मी तर दोनच आणले!" बाबा म्हणाले. "तू म्हणालीस, कुणाला सांगू नका, हसतील मला."

"मला पण हेच सांगितलं," ताई म्हणाली. "दोनच."

"मलाही दोन," धाकटी म्हणाली.

काठावरून, अजूनही पाठ करूनच, आवाज आला. "आणि मला दोन."

पाणी ओतून द्यायला आई काही केल्या तयार होईना. तेव्हा कॅन चार कोपऱ्यांत वाटायचे ठरले, ज्याने आणले त्याने उचलायचे. जावयांचे दोन मात्र तसेच राहिले. बाबा फळीवर जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, माझं चुकलं. तुम्ही आल्याशिवाय ते हलायचे नाहीत. माझी कंबर बघता ना?"

जावई वळले. "आधी चहा प्याल?"

"दोन कप."

जावयांनी दोन्ही कॅन एका खेपेत पुढच्या कोपऱ्यात नेले, चहा टाकला आणि आपला कप घेऊन सोफ्यावर बसले.

"मोज गं," ते धाकटीला म्हणाले.

मागे पावणेसात. पुढे सव्वासात.