सरकारी गळांस पाणी दिल्याची हकीकत

श्रीवरुणदेव प्रसन्न. ज्याचे कृपेने ओले ते वाळते आणि वाळले ते सरकारजमा होते, त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, एका राज्यावर थोर संकट आले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण या लेखकास मान एकच आहे. त्या राज्यी वाड्यामागे तळे होते, आणि ते गोंदजी भोई याचे घराण्यास इनाम होते, आणि इनामाची अट ऐसी की महाराज मागतील ते दिवशी थाळीत मरळ मासळी पडली पाहिजे, न पडल्यास तळे जप्त. आणि गळ टाकावा तो सरकारी शिक्क्याचाच, घरचा टाकल्यास तळ्यासकट हातही जावा. मग वापरून वापरून सरकारी गळ बोथट जाहले, आणि मरळीस भुलवावयाचा जो लाकडी बेडूक, त्याचा रंग उडून एक पाय गळून पडला. तेव्हा गोंदजीने गळखान्याचे दारोगे जिवाजी त्रिंबक यांजकडे अर्ज गुदरला की, "गळांचे पाणी उतरले आहे, तरी पाणी द्यावे, आणि बेडकाचा पाय बसवावा."

आता लोखंडास पाणी देणे म्हणजे लाल तापवून गार पाण्यात बुडविणे, तेणेकरून टोक कडक होते, हे लोहाराची म्हैसही जाणते. परंतु दारोगे थोर कुळीचे, अडकित्त्यापलीकडे हत्यार त्यांणी पाहिले नव्हते. त्यांणी अर्ज तीन वेळा वाचला, आणि दोन पाणके नेमले, आणि चांदीच्या झारीने गळांस दोन वेळ पाणी घालावयाची आज्ञा केली, एकादशीस एकच वेळ. बेडूक राजवैद्याकडे धाडला. वैद्यांनी नाडी पाहिली, वाताचा विकार म्हणाले, आणि लेप लाविला. महिनाभरात गळ गंजून विटकरी जाहले. मग गोंदजी डोईला हात लावून बोलिला, "सरकार, ह्ये पानी न्हवं वं! भट्टीतलं पानी!" दारोगे हसले आणि म्हणाले, "भट्टीत अग्नी असतो, भोया, पाणी नसते. आम्हांस शास्त्र शिकवू नको." तळ्यावर दारोग्यांचे मेहुण्याचा डोळा होता, हेही लिहून ठेवितो. अडाणीपणास स्वार्थाची जोड मिळाली म्हणजे मनुष्य फार दूरवर जातो.

पुढे पाहुणे राजे आले आणि त्यांस मरळीची वासना जाहली. तळ्याकाठी दरबार भरला, चूल पेटली, मसाला वाटून तयार. गोंदजीने पहिला गळ टाकिला, मरळ लागली, तो गळच सरळ जाहला आणि मरळ गेली. त्या दरबारात त्या वर्षी सरळ झालेली ती एकच चीज. दुसरा गळ मोडला. दारोगे बोलिले, "भोयाचे मन साफ नाही," आणि जप्तीचा कागद बाहेर काढिला, तो आधीच लिहिला होता. तीन पिढ्यांचे तळे जाते हे पाहून गोंदजी मोडक्या गळाचे तुकडे जुळवू लागला. तेव्हा त्याची बायको तानूबाई सर्वांदेखत ओरडली, "आवं, बघत काय बसलाय? चूल हाय की म्होरं!" मग गोंदजीने कमरेची कानस काढिली, तिसऱ्या गळाचा गंज घासला, टोक काढिले, उलटा काटा उभा केला, चुलीत लाल करून तळ्यात बुडविला, तो चर्र आवाज जाहला आणि पाहुणे राजे दचकले. बेडकास लाखेने पाय चिकटविला आणि गळ फेकिला. तत्काळ दीड हात मरळ काठावर आली.

महाराज जेवून तृप्त जाहले आणि न्यायास बसले. दारोगे म्हणाले, "विनापरवाना सरकारी गळास कानस लाविली, हा गुन्हा." महाराजांनी उभयतांचा मान राखिला. मरळ दिली सबब तळे भोयाचे, आणि गुन्हा घडला सबब कानस सरकारजमा, आणि घरी दुसरी बाळगू नये. दारोग्यांस पालखी, मेहुण्यास पाणक्यांची मुखत्यारी. गोंदजी रिकामी कंबर चाचपीत घरी आला. तानूबाईने त्याचेपुढे पाण्याची वाटी आदळली आणि म्हणाली, "तळं राखंल त्यो पानी चाखंल म्हनत्यात. घ्या, चाखा आता."

येणेप्रमाणे निवाडा जाहला. राजा न्यायी ठरला, दारोगे पालखीत बसले, आणि मासे सुखरूप आहेत.