गुडघ्यास कार्योत्तर मंजुरी

कोणतीही संस्था म्हटली की तिला घटना लागते, अध्यक्ष लागतो आणि या दोहोंवरून होणारं भांडण लागतं. या गोष्टी नसतील तर तिला संस्था म्हणत नाहीत, फार तर कुटुंब म्हणतात (भांडण तिथेही असतं, फक्त त्याचं इतिवृत्त कोणी लिहीत नाही).

आमच्या संस्था नोंदणी कार्यालयाचे साहेब या तत्त्वाचे अत्यंत पक्के होते. लिफ्टमध्येही ते आवक बाजूने शिरत आणि जावक बाजूने बाहेर पडायला बघत. लिफ्टला दार एकच असल्यामुळे त्यांचे काही मजले वाया जात, पण तत्त्वासाठी माणसाने एवढा चढ-उतार सोसावा. साहेबांबद्दल मला अतोनात आदर होता. मी तेव्हा परिवीक्षेवर होतो, म्हणजे कायम झालो नव्हतो, आणि कायम न झालेल्या माणसाचा आदर अतोनातच असतो.

कायम झालो नसतो तर मला काकांच्या गादी-कारखान्यात कापूस पिंजायला बसावं लागणार होतं. काकांनी माझ्यासाठी एक कोपरा रिकामा करून ठेवला होता. संध्याकाळी घरी आले की ते आईला विचारायचे, "काढलं का गं त्याला?" आवाज काळजीचा असायचा, चेहरा मात्र नवं यंत्र घरपोच येणार असल्यासारखा.

तर एके दिवशी साहेबांची नववीतली मुलगी घरी मोठ्याने पाठांतर करत होती. "मानवी शरीरात पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, उत्सर्जन संस्था, मज्जासंस्था अशा अनेक संस्था अखंड कार्यरत असतात." साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"कुठे नोंदवल्यात?"

"काय, बाबा?"

"या संस्था."

"अहो, त्या पोटात असतात."

"पत्ता नाही विचारला. नोंदणी क्रमांक विचारला."

मुलीकडे नोंदणी क्रमांक नव्हता. कोणाकडेच नव्हता. साहेबांनी मनाशी हिशेब केला. शहरात जेवढी माणसं, त्याच्या कितीतरी पट बेकायदा संस्था, आणि त्याही अखंड कार्यरत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते पाठ्यपुस्तक कार्यालयात दाखल झालं आणि त्याची छाननी सुरू झाली. छाननीला साहेब, मी आणि त्रुटीबाई असे तिघे बसलो. त्रुटीबाई आमच्या हेडक्लार्क. कुठलाही कागद त्यांच्या हाती गेला की त्यात त्रुटी निघायचीच, म्हणून हे नाव. स्वतःच्या लग्नपत्रिकेतही त्यांनी त्रुटी काढली होती, आणि ती दुरुस्त होईपर्यंत नवरदेव बाहेर बाकावर बसून होते असं म्हणतात.

पहिल्याच पानावर घोळ झाला. 'मानवी शरीरात अब्जावधी पेशी असतात,' हे वाक्य मी वाचलं आणि साहेब ताठ झाले.

"अब्जावधी पेशी? आणि तारीख एकीचीही लागली नाही?"

"साहेब, या कोर्टातल्या पेशी नव्हेत," त्रुटीबाई म्हणाल्या. "या अंगातल्या."

"असू देत. प्रलंबित आहेत ना?"

पुढे मात्र साहेबांचा पेशीबद्दलचा ग्रह निवळत गेला. पेशीभोवती पटल असतं, ते हवं त्याला आत घेतं आणि नको त्याला दारातच अडवतं, हे ऐकून त्यांनी बाहेर बसलेल्या शिपायाकडे जरा अभिमानाने पाहिलं. मग मी वाचलं, की पेशी तीन सोडियम बाहेर काढते आणि त्या बदल्यात दोनच पोटॅशियम आत घेते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तीन जागा रिकाम्या करते आणि दोनच भरते. हे आपलंच खातं आहे. पेशीवर माझा आक्षेप नाही."

हृदयाचं प्रकरण जरा नाजूक होतं. हृदयाला ठोका देण्याचा आदेश हृदयातलाच एक कोपरा देतो. म्हणजे अर्जदार तोच, मंजूर करणाराही तोच. परंतु ते बंद ठेवल्यास कार्यालयीन उपस्थितीवर परिणाम होईल, असं त्रुटीबाईंनी निदर्शनास आणून दिल्यामुळे 'तूर्त चालू ठेवावे' असा शेरा मारण्यात आला. सगळेजण त्या शेऱ्यावर आजही जिवंत आहेत.

आणि मग आली मज्जासंस्था.

नावालाच पहिला आक्षेप. कार्यालयीन वेळेत मज्जा. मी हळूच म्हणालो, की साहेब, ही ती मज्जा नव्हे. त्यावर साहेबांनी विचारलं, "अशी खात्री संस्था देते का? लेखी?" संस्था लेखी काही देत नव्हती. मी पुढे वाचू लागलो: 'हाताला चटका बसताच हात मागे घेण्याचा निर्णय मेरुरज्जू परस्पर घेतो. मेंदूस त्याची माहिती नंतर मिळते. यास प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.'



"परस्पर?" साहेब म्हणाले.

"पुस्तकात तसंच दिलंय, साहेब."

"म्हणजे मेंदू तिकडे वर नुसता बसून असतो, आणि खालचे लोक काम उरकून मग त्याला कळवतात?"

त्रुटीबाई पंख्याकडे बघू लागल्या. मीही बघितलं. पंखा चांगला होता.

त्या दुपारी परिपत्रक निघालं. आजवर मी अनेक परिपत्रकं पाहिली, पण इतकं अंगाला लागलेलं एकही नाही. त्यानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या देहातील संस्थांची नोंदणी करून घ्यायची होती. पचनसंस्थेची सर्वसाधारण सभा जेवणानंतरच घ्यावी, म्हणजे गणपूर्ती होते. श्वसनसंस्थेने आवक व जावक हवेची वेगळी नोंद ठेवावी. आणि मज्जासंस्थेच्या नावाचा वाद मिटेपर्यंत शिंक, उचकी, जांभई, दचकणे व तत्सम कोणतीही परस्पर क्रिया मेंदूमार्फत पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज करू नये. केल्यास ती बेशिस्त समजून परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यास (म्हणजे मला. तिथे दुसरं कोणी परिवीक्षाधीन नव्हतं) कमी करण्यात येईल.

अंमलबजावणी उत्साहात झाली. पहिल्या आठवड्यात शिंकेसाठी आलेले अर्ज: एकेचाळीस. मंजूर झालेले: सहा. मंजुरी येईपर्यंत टिकून राहिलेल्या शिंका: एकही नाही. जांभईसाठी वेगवेगळे अर्ज घेणं लवकरच बंद करावं लागलं, कारण एकाचा अर्ज वाचताना दुसऱ्याला आणि तो तपासताना तिसऱ्याला गरज पडे. शेवटी सामूहिक अर्जाची सोय केली. त्रुटीबाईंना उचकी लागली तेव्हा त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला, स्वतःच तपासला आणि 'कारण नमूद नाही' म्हणून स्वतःलाच परत केला. उचकी थांबली. हे परिपत्रकाचं पहिलं आणि निर्विवाद यश.

माझं सगळं सुरळीत चाललं होतं. मी शिंका दाबायला शिकलो होतो (त्या कानाकडे जातात आणि तिथे थोडा वेळ बसतात). पण कायम होण्याआधी वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि त्या तपासणीत डॉक्टरीणबाई गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात. पाय उडाला तर माणूस पास.

आता पेच लक्षात घ्या. पाय उडाला तर परिपत्रकाचा भंग, नोकरी गेली. पाय नाही उडाला तर शरीर नापास, नोकरी गेली. दोन्हीकडे कापूसच.

मी रीतसर अर्ज केला. 'माझ्या उजव्या गुडघ्यास एक वेळ उडण्याची परवानगी मिळावी.' साहेबांनी तो बराच वेळ वाचला. मोठ्या मनाचे ते. म्हणाले, "उडू दे. पण मेंदूमार्फत. हातोडी पडली की आधी मेंदूने आदेश काढायचा, मग गुडघ्याने उडायचं. मी जातीने हजर राहीन."

घरी सराव सुरू झाला. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचो आणि आई लाटण्याने ठोकायची. पाय दर वेळी आधी उडायचा आणि आदेश मागाहून निघायचा.

"अरे, थांबवून धर की मेल्या त्याला," आई म्हणायची.

"माझं ऐकतच नाही तो."

"तू तरी माझं कधी ऐकलंस?"

काका दारात उभे राहून बघायचे. "उडू दे, उडू दे. कापूसही उडतोच की. जमेल तुमचं."

तपासणीच्या दिवशी साहेब, त्रुटीबाई आणि मी दवाखान्यात पोचलो. भिंतीवर कातडी काढलेल्या माणसाचं चित्र होतं. आतल्या सगळ्या संस्था उघड्या, आणि चेहरा मात्र शांत. साहेबांनी त्याच्याकडे, माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. मग स्टूल ओढून ते बरोबर माझ्या गुडघ्यासमोर बसले. त्यांच्यासाठी चहा आला होता. वाफाळता कप हातात घेऊन ते पुढे झुकले.

"जरा बाजूला बसता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी कार्यालयप्रमुख आहे."

"हो, पण लागेल."

साहेब हलले नाहीत. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, पाय सैल सोडा. साहेब म्हणाले, सोडू नकोस, आदेश व्हायचाय. मग माझ्या मेंदूला अनुभव नाही म्हणून त्यांनी स्वतःच मजकूर सांगायला घेतला. "मेंदूकडून उजव्या गुडघ्यास कळविण्यात येते की—"

'की'वर हातोडी पडली.

पाय उडाला. पायाने कप उडाला. कपातला चहा साहेबांच्या मांडीवर गेला आणि साहेब उडाले. ते थेट कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले. एका क्षणात त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते, हात झटकले होते, उडी मारली होती आणि 'आई गं' म्हटलं होतं (यातलं 'आई गं' प्रतिक्षिप्त की ऐच्छिक, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत). काट्याची सुई डावी-उजवीकडे लटलटत होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. "दोघेही तंदुरुस्त."

माझ्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. ते हसू होतं आणि त्याला परवानगी नव्हती. मी दात आवळले. डोळ्यांसमोर काका आणले, कोपरा आणला, कापूस आणला. हसू गळ्यापर्यंत येऊन मंजुरीसाठी थांबलं.

आणि त्रुटीबाईंनी, त्यांच्या स्वभावाला अनुसरून, अत्यंत गंभीरपणे विचारलं, "साहेब, आपल्या उडीला परवानगी कोणी दिली?"

साहेब वजनकाट्यावरून खाली बघत होते. मांडीतून वाफ निघत होती. माणूस मोठा असला की उत्तरही मोठं सुचतं.

"मीच दिली."

"कधी?"

"आत्ता."

"पण उडी आधी झाली, साहेब."

साहेबांनी सुई स्थिर होऊ दिली. मग म्हणाले, "कार्योत्तर मंजुरी."

हा शब्द त्या खोलीत उच्चारला गेला आणि सगळ्यांचे खांदे सैल पडले. काम आधी, परवानगी मागून, तारीख त्याच दिवसाची. आमचं अख्खं कार्यालय कित्येक वर्षं याच शब्दावर उभं होतं, आणि शरीराला तो लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"मग याच्या गुडघ्यालाही तीच लावू?" त्रुटीबाईंनी विचारलं.

"लावा."

"गंमत म्हणजे," डॉक्टरीणबाई हातोडी खिशात ठेवत म्हणाल्या, "मेंदू बराचसा असाच वागतो. अंग करायचं ते करून मोकळं होतं, आणि हा मागून म्हणतो, मीच सांगितलं होतं."

साहेब वजनकाट्यावरून उतरले. मेंदूविषयी इतका जिव्हाळा त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आपल्याच संवर्गातला कोणीतरी दूरच्या कार्यालयात भेटावा, तसं झालं होतं त्यांना.

मी कायम झालो. काकांनी माझा कोपरा एका शिलाई यंत्राला दिला आणि बरेच दिवस ते त्याच्याशी तुटकपणे वागले. मज्जासंस्थेची नोंदणी नावात बदल न करता झाली. सुधारित परिपत्रक आता सर्व नागरिकांना लागू आहे: शरीराने करायचं ते करावं, मेंदूने मागाहून 'हे मीच ठरवले होते' अशी टिपणी जोडावी.

आता आपल्याविषयी थोडं. हे वाचत असताना आपण कोणालाही न विचारता श्वास घेत होता. (आत्ता लक्षात आलं, आणि आता तो स्वतः घ्यावा लागतोय. त्याला माझा इलाज नाही.) पापण्या मिटत होत्या, त्याचीही नोंद आपल्याकडे नसेल. आणि साहेब उडाले त्या ठिकाणी आपल्या गालाचा एक स्नायू परस्पर वर गेला. आपण म्हणाल, छे, मला गंमत वाटली, म्हणून मी हसायचं ठरवलं, आणि मग हसलो.

अगदी बरोबर. साहेबही वजनकाट्यावर उभं राहून हेच म्हणाले होते.