ट्रकवरच्या मोटारीतले नत्थूभाऊ

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो ट्रक आला की आम्ही आधी वर बघायचो. ट्रक गणपत ड्रायव्हर चालवायचा. ट्रकवर दोरखंडांनी बांधलेली एखादी मोटार असायची आणि त्या मोटारीत स्टिअरिंग धरून ट्रकचे मालक नत्थूभाऊ बसलेले असायचे. ट्रक डावीकडे वळला की तेही स्टिअरिंग डावीकडे द्यायचे. सायकलरिक्षा आडवी आली तर गणपतच्या आधी नत्थूभाऊंचा हॉर्न वाजायचा.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मोटारी नेण्यासाठी वेगळे ट्रक असतात, हे आमच्या गावीही नव्हतं. नत्थूभाऊ एरवी संत्री, विटा, काय मिळेल ते वाहायचे. मोटारी नेण्याची विद्या मात्र त्यांची त्यांनीच शोधलेली. दोन जाड सागवानी फळ्या, चाकांना टेकू म्हणून वाळूची पोती, आणि दोर रंगावर घासू नये म्हणून जुन्या गोधड्या.

"पण तुम्ही वर काहून बसता जी?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, गाडीले असं वाटलं पाहिजे का तेच चालून राहिली हाये. नाहीतर बिचारीले लाज वाटते."

ट्रकवरच्या मोटारीत दुसऱ्या कोणालाही बसायची परवानगी नव्हती. रामटेकच्या एका वकिलाने हट्टाने दार उघडलं, तर नत्थूभाऊंनी बांधलेली गाडी सोडून पुन्हा खाली उतरवली होती.

माझे काका पारशिवनीला डॉक्टर होते. ते गेल्यावर काकू एकटीच राहिली. मला तिनेच वाढवलेलं, म्हणून नागपूरला चल, असं मी वर्षभर तिच्या मागे लागलो होतो. शेवटी ती म्हणाली, "ह्यांची गाडी आली तर मी येतो. पण तिले एक ओरखडा जरी पडला, तर मी त्याच ट्रकनं वापस."

गाडीचं इंजिन तर केव्हाच मेलेलं. मी नत्थूभाऊंना गाठलं.

पारशिवनीला त्यांनी शेताच्या उंच धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, ट्रकच्या मागच्या चाकांसाठी दोन खड्डे खणून घेतले. ट्रक त्यात उतरला आणि त्याची मागची बाजू धुऱ्याच्या बरोबरीला आली. मध्ये फळ्या टाकल्या. पाच जण ट्रकवर चढून दोर ओढायला, पाच जण मागून रेटायला, आणि नत्थूभाऊ अर्थातच मोटारीत.

पुढची चाकं ट्रकवर चढली आणि कडकन आवाज झाला. उजवी फळी तडकली होती. मोटार एका अंगाला कलली. काकूने डोळे मिटून घेतले.

"नत्थूभाऊ, उतरा!" मी ओरडलो.

"मी उतरलो तर ते घाबरन गा!" आतून आवाज आला. "दोर सोडू नका! ओढा!"

दहाही जणांनी एकदम जोर लावला आणि मोटार धप्पकन ट्रकमध्ये गेली. नत्थूभाऊ उतरले. मोटारीभोवती फिरून कुठे काही लागलं नाही ना ते त्यांनी पाहिलं, आणि मग खाली बसून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले.

दोर आवळून झाले. मी काकूला केबिनमध्ये चढ म्हटलं, पण ती मोटारीकडेच बघत उभी राहिली. "त्या बाजूच्या सीटवर मी इतकी वर्षं बसली," ती पुटपुटली. मला रामटेकचा वकील आठवला.

नत्थूभाऊंनी स्टूल मागवलं आणि मोटारीचं डावं दार उघडलं. "चढा काकू. पदर सांभाळा, वरतं हवा लागते."

नागपूरपर्यंत मी गणपतशेजारी जीव मुठीत धरून बसलो होतो. मागून हॉर्न ऐकू येत होता, आणि मध्येच काकूचं हसणं. काका गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं.

आमच्या शाळेमागच्या उंचवट्याला ट्रक लावून मोटार उतरवली आणि ढकलत आमच्या अंगणात आणली. काकूने ती पदराने इंच इंच पुसून पाहिली. कुठेही ओरखडा नव्हता. "राहतो मी," ती म्हणाली, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

नत्थूभाऊ वाटेत काय बोलले ते तिने मला नंतर सांगितलं. त्यांच्या बायकोने एकदा म्हटलं होतं, मलेबी वरतं बसवा. "मी म्हटलं, तमाशा हाये का? मंग ते गेली. बसवाचं राहूनच गेलं." हे त्यांनी रस्त्यावरची नजर न हटवता सांगितलं होतं, एकही वळण न चुकवता.

पुढच्या रविवारी नत्थूभाऊ धुतलेला सदरा घालून, हातपंप घेऊन दारात हजर. "उभ्या गाडीची हवा जाते, मास्तर." हवा भरली, काकूने वाढलेला, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात दोनदा मागून घेतला, आणि बराच वेळ बोलत बसले. घरी त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही आले, आणि त्याच्याही.

दर आठवड्याला चाकं बसलेली पाहून महिन्याभराने मी वैतागून चारही ट्यूब नव्या घातल्या. त्या शनिवारी संध्याकाळी अंगणात गेलो, तर काकू मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली. हातात केसांतला आकडा, आणि चाकातून बारीक फुस्स आवाज.

मला पाहून ती जराही दचकली नाही. "पाहून काय राहिला गा? जाय, उद्याच्या गोळ्यांची डाळ भिजत घाल."