मोकळी बाटली परत करू नये

शिवराज दुपारचा झोपलाय, तेवढ्यात लिहून टाकते. उठला की पेन त्याचा!

तर मी सासूबाईंना फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "आत्या, शिवराजच्या औषधपाण्याची काळजीच सोडा. माझी व्यवस्था बघून डॉक्टर बाकीच्या आयांना माझं उदाहरण देतात!" (एकदाच दिलं होतं. पण दिलं होतं.)

शिवराज पाच वर्षांचा. त्याला जन्मापासून हिमोफिलिया. त्याचं रक्त वाहायला लागलं की थांबायचं विसरतं. नुसता गुडघा आपटला तरी आतल्या आत रक्त साचून भोपळा होतो. त्यावर उपाय फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. बाहेर किंमत विचारली तेव्हा आमच्या ह्यांनी त्या दुकानातच पाणी मागितलं होतं! तेच औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. वर तिथल्या करुणा सिस्टरांनी स्वतःचा हात पुढं करून मला शीर शोधायला शिकवलं. "टोचा बिनधास्त मोनिकाताई, मला सवय आहे!" आता मी घरीच इंजेक्शन देते. अट एकच. वापरलेल्या बाटल्या लेबलासकट परत आणायच्या, मगच नव्या न्यायच्या.

परवा सासूबाई फुलंब्रीहून तुपाची बरणी घेऊन आल्या. मी सहज म्हणाले, "आत्या, त्या पिशवीतल्या मोकळ्या बाटल्या दवाखान्यात परत द्यायच्यात हं."

एवढंच म्हणाले. एवढंच नको होतं म्हणायला!

दुसऱ्या दिवशी शिवराजनं सोफ्यावरून उडी मारली. गुडघा फुगला, घरातलं औषध संपलेलं. पिशवी उचलली, लेकराला उचललं, सासूबाई मागं. रिक्षानं थेट दवाखाना!

मी ऐटीत पिशवी टेबलावर ठेवली. सिस्टरांनी एक बाटली बाहेर काढली. हुंगली. माझ्याकडं बघितलं. परत हुंगली.

"ह्यात काय आहे?"

"तूप," सासूबाई म्हणाल्या. "गावरान हाय. कढवतानी इलायची टाकली."

सगळ्या बाटल्या घासूनपुसून अत्तराच्या कुप्यांसारख्या लखलखीत! रबरी बुचं अडकित्त्यानं उपटलेली, तोंडाला प्लॅस्टिकचे बोळे, आत काठोकाठ तूप. आणि लेबल? एकावरही नाही!

"आत्या!!"

"वरडू नको. शेजारणीची वाटीसुद्धा आपण मोकळी देत नाय. अन् सरकार माझ्या नातवाला एवढं महागाचं औषध देतंय, त्याला मोकळी बाटली द्यायची व्हय? लोक काय म्हणतील!"

टेबलाखाली जागा असती तर मी तिथंच राहायला गेले असते.

"आधी लेकरू, मग तूप," म्हणत सिस्टरांनी शिवराजला मांडीवर घेतलं. शीर लपाछपी खेळत होती, दोनदा टोचावं लागलं. पण औषध गेलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

लगेच बाहेरही आला! "ताई, लेबलं लागतील. हे औषध कुणी चोरून विकू नये म्हणून नंबर जुळवूनच आम्ही नवं देतो. लेबलं नसतील तर घरी देणं थांबवावं लागेल."

म्हणजे दर वेळी हा फुगलेला पाय घेऊन धावत यायचं? माझे डोळे भरून आले.

"कागदं व्हय?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ते मी कशाला फेकू? गरम पाण्यात सोडवले अन् देव्हाऱ्याच्या दाराला चिकटवले. देवाला बी कळू दे, काय काय टोचतेत लेकराला."

मी ह्यांना फोन लावला. "देव्हाऱ्यावरची लेबलं काढून पळत या!"

थोड्या वेळानं ह्यांचाच फोन. "निघत नाहीत गं! आईनं कशानं चिकटवलीत?"

"कणकेची खळ," सासूबाई म्हणाल्या. "पक्की केली व्हती."

"ओढली की फाटायला लागतात! काय करू?"

"काहीही करा, पण आणा!"

त्यांनी दारच आणलं! बिजागऱ्या काढून, मोटारसायकलवर, मित्राच्या मांडीवर उभं धरून. दाराच्या एका बाजूला लेबलं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा खंडोबा. ओपीडीच्या रांगेतून ते दार निघालं तसे लोक उठून उभे राहिले. एकानं भंडारा मागितला. एका आजीबाईंनी दाराला डोकं टेकवून विचारलं, "कोणत्या खोलीत बसवायलेत?"

करुणा सिस्टरांनी दार भिंतीला टेकवलं, लेबलांवरचं कुंकू हलकेच पुसलं आणि एकेक नंबर वाचून जुळवला. एकदाही कपाळाला आठी नाही! अशी माणसं सरकार कुठून शोधून आणतं, देव जाणे. सगळे जुळले. मग बर्फाच्या डब्यात नव्या बाटल्या भरून माझ्या हाती दिल्या.

"आजी, पुढच्या वेळी मोकळ्याच आणा. आणि आम्हाला काही घेता येत नाही. ह्या बाटल्या दवाखान्याच्या कचऱ्यातच जातात."

आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळ्या तुपासकट पिंपात!

लेकराला दोनदा टोचलं तेव्हा सासूबाई खंबीर उभ्या होत्या. आता मात्र पदर डोळ्याला लावून हमसून हमसून रडायला लागल्या.

शिवराज माझ्या कडेवरून वाकला आणि पट्टी लावलेल्या हातानं त्यांना थोपटत म्हणाला, "रडू नको आज्जी. पहिल्यांदाच दुखतं."